अर्ध्या दिवसाच्या रजेचे कारण

आवक-जावक विभागातल्या बाईंना अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. अर्जात कारण लिहिणे बंधनकारक होते, आणि 'वैयक्तिक' हे कारण मागच्या वर्षीच्या परिपत्रकाने बाद झाले होते. बाई पडल्या नियमाच्या पक्क्या. त्यांनी लिहिले, 'योनीला तीन आठवड्यांपासून उग्र वास येतो. डॉक्टरांना दाखवायचे आहे.'

डॉक्टरांकडे जाण्याचे त्यांना मावशीने सुचवले होते. मावशी नर्स. "थोडाफार वास सगळ्यांनाच असतो गं, त्याचं काही नाही. पण माशासारखा येतोय, अंगावरून पांढरं जातंय, म्हणजे दाखवायलाच हवं. आठवडाभराच्या गोळ्या असतात. आणि तो सुगंधी साबण आधी बंद कर, त्यानं आणखी बिघडतं."

अर्ज दुपारी परत आला. आस्थापना विभागाच्या साहेबांचा शेरा होता, 'सभ्य शब्द वापरावा.' बाईंनी 'तो भाग' असे लिहिले. शेरा आला, 'भागाचा खुलासा करावा.' खुलासा केला, तर 'पहिला शेरा पाहावा.' यात नऊ दिवस गेले. कोणी टेबलाजवळ आले की बाई खुर्ची मागे सरकवत. शरमेने त्यांना जीव नकोसा झाला होता.

शेवटी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"पोटदुखी लिहा ना," साहेब फाइलीतून मान वर न काढता म्हणाले.

"पण पोट दुखत नाही, साहेब."

"मंजूर तर होईल."

अर्ज मंजूर झाला, सोबत संस्थेच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि ते उत्तम असल्याचे सांगितले. बाईंनी खरे दुखणे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "चिठ्ठीत पोट आहे. बाकीच्यासाठी नवा अर्ज लागेल."

दरम्यान विषय वरपर्यंत गेला होता. व्यवस्थापन संवेदनशील असल्याने महिला आरोग्य दिन साजरा झाला. 'तो भाग' धुण्याच्या सुगंधी वॉशची बाटली हातात धरून, ती कशासाठी आहे हे न सांगता, साहेब तिच्यावर चाळीस मिनिटे बोलले. प्रत्येकीला गुलाबाच्या वासाचा तोच वॉश मिळाला. तो घेताना 'मला कोणताही त्रास नाही' या ओळीखाली सही करायची होती. बासष्ट जणींनी केली. आवक-जावकच्या बाईंनीही केली, कारण सही न करणारीने लेखी कारण द्यायचे होते.

संस्थेत एकाही महिलेची तक्रार नसल्याचा अहवाल वर गेला आणि साहेबांचे अभिनंदन झाले. अहवालावर शंका घेण्याचे कारण नाही. तुमच्या घरातल्या बायकांनाही असा काही त्रास नाहीच. असता तर त्यांनी तुम्हाला सांगितलाच असता, नाही का?