तांदळाच्या कोठीतला कॉम्प्युटर

"चंद्रामावशी, तुजी तांदळाची कोठी जरा रिकामी कर. आन् विहीर पण लागंल," टेंपोतून उतरता उतरता प्रवीण म्हणाला.

दहिवलीत भातगिरणीला लागून प्रवीणचा स्टुडिओ होता. मावशीची नात सुरभी त्याच संध्याकाळी नवऱ्याबरोबर बंगळुरूला निघणार होती आणि तिच्या लग्नाचा व्हिडिओ अजून तयार नव्हता. कॉम्प्युटर इतका तापायचा, की व्हिडिओ अर्ध्यावर आला की आपोआप बंद पडायचा.

"मोठ्या कंपन्या कॉम्प्युटर डब्यात बंद करून समुद्रात बुडवतात," प्रवीणने समजावले. "पाणी गार, म्हणून कॉम्प्युटर गार. तेबी फुकटात!"

"आपल्या पोशीर गावाला समुद्र कुठला रं?" शेजारच्या मालोजींनी विचारले.

"म्हणून तर विहीर!"

मावशीने तांदूळ पलंगावर ओतले. पण टेंपोतून उतरवलेला कॉम्प्युटर पाहून तिने नाक मुरडले. "माज्या कोठीत असली घाण नाय घालायची." तिने त्याचे झाकण काढायला लावले आणि जुना ब्रश फिरवून आतून ओंजळभर कोंडा बाहेर काढला.

मग कॉम्प्युटर कोठीत बसला. वायरी वर, फटी बुजवायला एमसील, स्क्रीन आणि कीबोर्ड विहिरीच्या काठावर. एमसील वाळेपर्यंत चहा झाला. कोठी पाण्यात सोडली, तर ती बदकासारखी तरंगू लागली! तिला जाते बांधले, पाटा बांधला, चार धोंडे बांधले. तेव्हा कुठे ती बुडाली. मालोजींसकट शेजारपाजारच्या आठ जणांनी दोर धरला होता.

"आता चालू कर," सुरभी म्हणाली.

प्रवीणचा हात हवेतच थांबला. चालू करायचे बटण कोठीत होते.

"ओढा रं!" मालोजी ओरडले. कोठी वर आली. बटण दाबले, पुन्हा एमसील, पुन्हा चहा, सोबत कांदेपोहे. कोठी खाली गेली. स्क्रीनवर व्हिडिओ चाळीस टक्के झाला. प्रवीण नाचायलाच लागला.

तेवढ्यात लाईट गेली.

लाईट आली, पण कॉम्प्युटर येईना. त्याला पुन्हा बटणच हवे होते. कोठी वर काढून आठही जण जमिनीवर आडवे झाले.

"आता आमी उठणार नाय," मालोजी म्हणाले. "तुजं एमसील वाळेस्तोवर पोरगी पुणं गाठंल."

पाच वाजले होते. सुरभीचा चेहरा रडवेला झाला. प्रवीणने कोठी उघडीच ठेवली, देवाचे नाव घेतले आणि बटण दाबले.

पन्नास टक्के. सत्तर. शंभर!

सगळे स्क्रीनभोवती गोळा झाले. व्हिडिओत मालोजी पाचवी जिलेबी खाताना दिसले, तशी सुरभी खळखळून हसली. पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्ये गेला.

प्रवीणने कॉम्प्युटरला हात लावून पाहिला. "पाण्याबाहेर ह्यो गार कसा?" त्याची नजर अंगणात गेली. कोंबड्या कोंडा टिपत होत्या. "मावशी, ह्यो कोंडा कुठनं निघाला गं?"

"तुज्या कॉम्प्युटरच्या पंख्यातनं. गच्च भरलावता."

आठ जण आपापली कंबर चोळत प्रवीणकडे बघत राहिले.

मावशी मात्र शांतपणे तांदूळ पुन्हा कोठीत भरू लागली. "त्या समुद्रवाल्या कंपन्यांना कळव रं प्रवीण," ती म्हणाली, "बुडवायच्या आधी एकदा झाडून बघा म्हणावं."