गिझरवरचा पाहुणा

रविवारी सकाळी सहा चाळीसला पराग खानोलकरच्या बाथरूममध्ये, गिझरच्या वर, एक प्राणी झोपलेला आढळला. पराग तेव्हा बनियनवर होता आणि त्याच्या केसांना काळा डाय लावलेला होता. डाय अर्ध्या तासात धुवावा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. नाही धुतला तर काय होतं, ते लिहिलेलं नसतं.

पराग दार ओढून बाहेर आला.

"संपदा, आत मांजर आहे. पण ते मांजर नाही."

"नीट सांग."

"मांजराएवढं आहे. तोंड मुंगसासारखं. आणि शेपूट संपतच नाही."

संपदाने फटीतून मोबाइल आत घालून फोटो काढला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून परागच्या आईंनी विचारलं, "आंबेमोहोर कोणी शिजवायला टाकलाय गं?"

कोणीच टाकला नव्हता. वास बाथरूममधून येत होता.

खानोलकरांची बिल्डिंग काशीगावच्या डोंगराकडच्या टोकाला. जुना एक्झॉस्ट फॅन काढून महिना झाला होता. नवा बसवायचं परागच्या रोज लक्षात येई आणि रोज राहून जाई. तोवर भोकाला पुठ्ठा लावला होता. तो आता बादलीत पडला होता.

संपदाने वनखात्याच्या हेल्पलाइनला फोटो पाठवला. पलीकडच्या बाईंचा लगेच फोन आला.

"उदमांजर आहे. त्याच्या अंगाला भातासारखा वास येतो. जखमी दिसतंय का?"

"नाही. झोपलंय गाढ."

"मग दार बंद, वरची जागा उघडी. खायला घालू नका, काठीने ढोसू नका. रात्रीचं जनावर आहे, अंधार पडला की आलं तसं जाईल."

"आणि तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

"शेजाऱ्यांकडे जा. शेजारी आहेत ना?"

शेजारी होते. अडचण तीच होती.

मजल्यावरच्या चार घरांपैकी दोन सुट्टीसाठी गावाला गेलेली. उरलेल्या घरात फ्रेडी आणि ज्युलिएट राहत. ते मूळचे उत्तनचे, आणि त्यांचा बॉस्को हा कुत्रा म्हातारा झालेला. मागच्या महिन्यात बॉस्कोने लिफ्टमध्ये ओलं अंग झाडलं आणि परागचा ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट भिजला. त्या शर्टातून एक ठराव निघाला: लिफ्टमधून कुत्रे नेऊ नयेत. तो आज साडेदहाला पार्किंगमधल्या मीटिंगमध्ये वाचला जाणार होता. वाचणार होता पराग. आपण एकाच कुत्र्यामागे लागलोय असं दिसू नये म्हणून त्याने दुसरं कलमही घातलं होतं: घरात कोणताही प्राणी ठेवल्यास कमिटीला आधी कळवावे.

बॉस्कोचे मागचे पाय अधू झाले होते. पाच मजले उतरणं त्याला शक्य नव्हतं. लिफ्ट बंद झाली तर आपण फ्लॅट सोडून उत्तनला परत जाऊ, असं ज्युलिएट संपदाला म्हणाली होती. संपदाने ते परागला सांगितलं होतं. परागला वाईटही वाटलं होतं, पण ठराव टाइप झाला होता.

"मी सिंकमध्ये डोकं धुतो," पराग म्हणाला.

"मी तांदूळ धुते त्या सिंकमध्ये?" आई म्हणाल्या. "आधी मला पोचव कुठेतरी, मग तुझ्या डोक्याचं बघ."

बेसिनच्या नळाखाली डोकं मावेना. कपाळावरून एक काळा ओघळ नाकाकडे निघाला, तेव्हा परागने टॉवेल उचलला आणि शेजारची बेल वाजवली.

फ्रेडीने दार उघडलं. परागच्या डोक्याकडे पाहिलं, ओघळाकडे पाहिलं.

"फ्रेडी, तुमचं बाथरूम मिळेल का जरा?"

"जा ना. सरळ जा."

का, ते त्याने विचारलं नाही. त्यामुळे परागला उभ्या-उभ्या सगळं सांगावंसं वाटलं.

"उदमांजर?" फ्रेडी खूश झाला. "आमच्या उत्तनला चिकूवर यायचं ते. नशीबवान हाय तू. आमच्याकडं एवढ्या वर्षांत एक पाल येते फक्त."

"आईंना, संपदाला पण पाठव," ज्युलिएट आतून म्हणाली. "चहा मी सगळ्यांचा टाकलाय."

आईंचा नंबर पहिला लागला. मग पराग आत गेला. डाय डोळ्यांत उतरला होता, म्हणून हाताला लागली ती बाटली त्याने डोक्यावर उपडी केली. फेस चांगला आला. वास थोडा कडुनिंबाचा होता.

तो बाहेर आला तशी ज्युलिएट थबकली. "पराग, निळी बाटली घेतली तू?"

"हो. का?"

"ती बॉस्कोची हाय."

परागने हातातला टॉवेल हुंगून पाहिला.

"टेन्शन घेऊ नको," फ्रेडी म्हणाला. "महिनाभर गोचीड होत न्हाय."

साडेदहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बॉस्को लिफ्टने खाली आला, कदाचित शेवटचाच. सगळ्या माणसांचा वास घेत तो परागपाशी थांबला आणि त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून आडवा झाला. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरचं पॉमेरेनियनही दोरी ओढत येऊन शेजारी बसलं.

चेअरमन हंसाबेन म्हणाल्या, "परागभाई, तमारो ठराव. कुत्ता के विरुद्ध जो है, वो वाचो."

लोक हसले. पराग कागद घेऊन उभा राहिला. बॉस्को त्याच्याकडे मान वर करून बघत होता. एवढ्यात पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून आईंचा आवाज आला.

"पराग, त्याने कूस बदलली रे. त्या हेल्पलाइनच्या बाईंना कळवायचं का?"

सगळ्यांनी वर पाहिलं, मग परागकडे.

"कोण?" हंसाबेननी विचारलं. "घरी कोण झोपलंय?"

"प्राणी आहे एक," पराग म्हणाला. "तात्पुरता."

"कमिटीला कळवलं?"

"आता कळवतोय."

"बिबट्या आहे काय?" मागून कोणीतरी विचारलं आणि खुर्च्या सरकल्या. दोघे जण मागच्या बाजूला बघायला निघाले. तेव्हा फ्रेडी उठला.

"बिबट्या न्हाय. उदमांजर हाय. पाहुणा समजा, अंधार पडला की जाणार. मागं गर्दी करू नका, टॉर्च मारू नका. बॉस्कोला पण आज मी तिकडं नेत न्हाय. परागने बरोबर केलंय सगळं."

लिफ्टबद्दल तो एक शब्द बोलला नाही. परागला तो एखादा शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

"तो ठराव?" हंसाबेन म्हणाल्या.

परागने कागदाची घडी घातली. "आज नाही वाचत."

"पाछो खेंचो छो? मागे घेताय?"

"विचार करायला वेळ द्या, हंसाबेन. नुकतंच डोकं धुतलंय."

ठराव पुढच्या मीटिंगवर गेला.

संध्याकाळी खानोलकरांनी घरातले दिवे बंद ठेवले. तिघंही पॅसेजमध्ये बसून होती. सात-सव्वासातला आत खरखर झाली, बादलीची कडी वाजली आणि मग शांतता. गॅलरीतून संपदाला पाइपावरून सरकणारी शेपूट दिसली. मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या अंधारात होत्या, आणि प्रत्येक खिडकीत कोणीतरी श्वास रोखून उभं होतं.

"दिवसभर वासाने जीव घेतला," म्हणत आईंनी रात्री खरोखरचा आंबेमोहोर लावला. वरून तूप सोडून पहिलं पातेलं पराग शेजारी घेऊन गेला. आभार मानायचं त्याने ठरवलं होतं. दारात मात्र त्याच्या तोंडून "गरम आहे, सांभाळून" एवढंच निघालं. ज्युलिएटने पातेलं घेतलं आणि त्याला बसायला खुर्ची दिली. बॉस्को चपलेपाशी आलाच.

पुढच्या मीटिंगची तारीख हंसाबेननी अजून लावलेली नाही. एक्झॉस्ट फॅनवाला बुधवारी आला होता. आत कोणी नाही याची खात्री झाल्याशिवाय भोक बुजवायचं नाही, असं हेल्पलाइनच्या बाईंनी बजावलं होतं. परागची खात्री झालेली नव्हती, म्हणून त्याने फॅनवाल्याला परत पाठवलं.

शुक्रवारी पहाटे बाथरूममधून पुन्हा आंबेमोहोराचा वास आला. परागने खांद्यावर टॉवेल टाकला आणि शेजारची बेल वाजवली. या वेळी शाम्पूची पुडी त्याने घरून नेली होती.