आतलं बटण, बाहेरची घंटा

घंटाकाकांनी स्टुलावर चढून दाराच्या चौकटीला भोक पाडायला घेतलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि पावणेचारला लेक येणार होती. गावाला जाताना इथे बस बदलायची, म्हणून दोन बसच्या मध्ये तिला अर्धा तास मिळायचा. मागच्या महिन्यात तोही वाया गेला होता. टेबलफॅनच्या घरघरीत दोघं गाढ झोपलेली, फोन उशीखाली गुदमरलेला, आणि लेक दार ठोठावून ठोठावून परत गेली. दाराखालून सरकवलेली तिची चिठ्ठी काकूंनी अजून साखरेच्या डब्याखाली ठेवली होती. "येऊन गेले. झोपा शांत." तेव्हापासून काकांना धड झोप नव्हती.

"वायरमनला बोलवा," काकू म्हणाल्या.

"घंटेचं काम आहे. मला कोण शिकवणार?"

काकू स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी शाळेत शिपाई म्हणून बत्तीस वर्षं घंटा दिली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत भलंमोठं घड्याळ होतं, पण तास संपायचा तो काकांच्या हाताने. चारची शेवटची घंटा दिली की ते जाऊन फाटक उघडायचे आणि शाळा त्यांच्या अंगावरून घरी जायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी चारच्या सुमाराला उजवा हात अजून शिवशिवायचा.

स्क्रू पिळता पिळता त्यांची तंद्री लागली. भिंतीवरचा उन्हाचा चौकोन हळूहळू सरकत होता. घंटा कुठे लावायची याचा त्यांना विचारही करावा लागला नाही. ती सगळ्यांना ऐकू गेली पाहिजे, म्हणजे बाहेर, उंचावर. बटण आपल्या हाताशी, म्हणजे आरामखुर्चीच्या उजव्या बाजूला. शाळेत इतकी वर्षं असंच तर होतं, घंटा बाहेर व्हरांड्यात आणि बटण काकांच्या हाताशी.

"बाहेर जाऊन बघ गं, नीट वाजते का," साडेतीनला त्यांनी फर्मावलं.

काकू हात पुसत बाहेर गेल्या आणि त्यांच्या डोक्यावर घंटा अशी कडाडली की समोरचा शिंपी मशीन सोडून गज हातात घेऊनच धावला. काकू दचकून पायरी उतरल्या. मागे वाऱ्याने दार लागलं आणि लॅच खटकन बसलं.

"वाजते," आत काका स्वतःशीच म्हणाले आणि समाधानाने खुर्चीत टेकले. पंखा घरघरत होता. महिनाभर रुसलेली झोप पावलं न वाजवता आली.

स्वप्नात शाळेचा लांबलचक व्हरांडा होता. प्रत्येक वर्गात ऊन भरलेलं, आणि कुठेतरी पोरं बाकं बडवत होती. ठक, ठक, ठक.

"शांत बसा रे," काका पुटपुटले. बाकं आणखीच जोरात वाजायला लागली.

बाहेर एव्हाना लेकही येऊन दार बडवत होती. हे सगळं काकूंनी काकांना नंतर निदान तीनदा ऐकवलं.

"आई, ही बेल आहे ना? दाब की!"

"काय दाबू? बटण आत आहे."

"बटण आत आणि घंटा बाहेर? असं कुणी करतं का?"

"तुझे बाबा करतात."

शिंप्याने गजाने घंटेवर टोला मारून पाहिला. ती टिंग करून गप्प बसली. लेकीने फोन लावला, तर स्वप्नात एक भुंगा येऊन गेला. शेवटी तिने खिडकीच्या फटीशी तोंड नेऊन हाक मारली, "बाबाऽ!"

आतून खणखणीत आवाज आला, "चार वाजल्याशिवाय कुणालाही सोडणार नाही!"

"जागे आहेत?" शिंप्याने विचारलं.

"छे. नोकरीवर आहेत," काकू म्हणाल्या.

लेकीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "सव्वाचारची बस आहे, आई. निघते मी." तिने पिशवी उचलली.  काकू तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

ती गल्लीच्या वळणाशी पोचली असेल, तोच आत भिंतीवरच्या घड्याळात चारचे ठोके पडले. काकांचा उजवा हात उठला आणि त्याने बटण दाबून धरलं. शेवटच्या तासाची, लांबलचक घंटा झाली. मग काका अर्धवट मिटल्या डोळ्यांनीच उठले आणि त्यांनी फाटक उघडलं.

"रांगेत! ढकलाढकली नको!"

आधी काकू आत आल्या, मागून गज सांभाळत शिंपी, आणि त्याच्या मागून पिशवी छातीशी धरून धापा टाकत लेक. तीही त्याच शाळेतली. चारची घंटा ऐकली आणि पाय आपोआप घराकडे पळाले, असं तिने नंतर सांगितलं. काकांनी तिच्या दोन वेण्या शोधल्या. त्या नव्हत्या, कपाळाजवळ दोन पांढरे केस होते. तेव्हा कुठे त्यांना खरी जाग आली.

"कधी आलीस गं?"

"कधीची आलेय, बाबा."

काकूंनी झालेला प्रकार सांगितला. काकांनी बटणाकडे पाहिलं, मग दारातून घंटेकडे, आणि त्यांचा चेहरा पडला. "चुकलंच माझं. तुझा अर्धा तास पुन्हा खाल्ला मी."

"असू दे हो," लेक म्हणाली, पण बसली ती खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर ठेवून. काकूंनी घाईघाईने चहाचं आधण ठेवलं. त्याला उकळी फुटायच्या आत ती उठायला लागली. "निघते. पळत गेले तर मिळेल बस."

काका सावरून बसले. "घंटा झाली का?"

"नाही."

"मग? घंटा झाल्याशिवाय वर्गातून कुणी उठत नाही."

"मग द्या की घंटा, बाबा."

काकांनी उजवा हात मांडीखाली सरकवला. थोडा विचार करून डावाही.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि पाय वर घेऊन ऐसपैस बसली. "आई, माझ्या चहात साखर जास्त घाल."

काकूंनी साखरेचा डबा उचलला आणि त्याखालची चिठ्ठी केरात टाकली. शिंप्याला दुकान उघडंच टाकून आल्याचं आठवलं होतं, पण घंटा झाली नव्हती, म्हणून तोही बसून राहिला.