सात टोल्यांचा अर्थ

विद्यापीठाच्या घंटेचा इतिहास दोन दिवसांत लिहून देतो, असं प्रोटोकॉलकाकांनी कुलगुरूंना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्यांना त्या घंटेबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती. ती वाजते.

काकांचं खरं पद समारंभ विभागाचे कक्षाधिकारी. पण कुणाची खुर्ची कुणाच्या उजवीकडे, कुणाच्या झग्याची किनार लाल आणि कुणाची जांभळी, मिरवणुकीत कोण कुणाच्या किती पावलं मागे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यामुळे तोंडावर सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘प्रोटोकॉलकाका’. काकांना दोन्ही माहीत होतं. दुसरं त्यांना जरा जास्तच आवडायचं.

यंदा पन्नासावा पदवीदान समारंभ. दरवर्षी त्या दिवशी सगळ्या विद्याशाखांचे अधिष्ठाते झगे घालून, रांगेनं सभागृहात येतात आणि तेव्हा मनोऱ्यातली मोठी घंटा वाजते. या घंटेवर एक देखणी पुस्तिका काढावी, असं कुलगुरूंच्या मनात आलं.

“संदर्भ आहेत ना काही?” त्यांनी विचारलं.

“भरपूर आहेत, सर.”

भरपूर म्हणजे एक फाइल निघाली. जुन्या कागदपत्रांच्या खोलीत दोन तास शिंकल्यावर ती काकांच्या हाती लागली. आत एकच कागद. ‘घंटेची दोरी कुजली आहे, तरी नवीन मिळावी.’ सही वाचता येत नव्हती आणि तारीख उंदरानं खाल्ली होती.

दुसरा कुणी असता तर मान खाली घालून कुलगुरूंकडे परत गेला असता. काका घरी आले, चहा घेतला आणि कोरे कागद पुढ्यात ओढून बसले.

“अहो, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगून मोकळं व्हावं की,” काकू म्हणाल्या.

“कार्यालयात तसं चालत नाही,” काका म्हणाले आणि लिहू लागले.

मग जो हात सुटला, तो आवरेना. विद्याशाखा सात, म्हणून टोले सात. पहिला जिज्ञासेचा, दुसरा परिश्रमाचा, तिसरा चिकाटीचा. परिश्रम आणि चिकाटी यांत फरक काय, या विचारात काका थांबले नाहीत. सातव्यापर्यंत येता येता गुणच संपले, तेव्हा आधी ‘इतर सद्गुण’ असं लिहिलं आणि मग ते खोडून ‘विनय’ केलं. घंटेच्या कडेचा एक टवका उडाला होता, तो माणसाच्या अपूर्णतेचं प्रतीक ठरला. सगळं लिहून झालं तरी शेवट काही भारदस्त होईना, म्हणून त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं: ‘पूर्वी हे टोले ज्ञानवृद्ध आचार्य स्वतःच्या हातांनी देत असत, असे सांगतात.’

कोण सांगतात? काकाच सांगत होते.

कुलगुरूंनी मजकूर वाचला आणि त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी तो त्याच दिवशी छापायला धाडला. वर काकांना बोलावून म्हणाले, “ही परंपरा आपण पुन्हा सुरू करतोय. सात अधिष्ठाते, प्रत्येकाचा एकेक टोला.”

“आणि घंटामामा, सर?”

“त्यांना विश्रांती द्या की यंदा.”

घंटामामा म्हणजे विद्यापीठाचा सर्वांत जुना शिपाई. एकतीस वर्षं ती दोरी त्यांच्याच हातात होती आणि या महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. म्हणजे ही त्यांची शेवटची घंटा. मुलगी, जावई आणि नात मुद्दाम परगावाहून ती बघायला येणार होती, हे त्यांचं साऱ्या कार्यालयाला निदान दोनदा सांगून झालं होतं.

पुस्तिका छापून आली त्याच दिवशी मामा काकांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, वाचली. दोनदा वाचली. इतकी वर्षं ओढतोय, पण कशासाठी ओढतोय ते आज कळलं.”

“अरे वा,” काका सुखावून म्हणाले.

“फक्त ते शेवटचं वाक्य. आमच्यासारख्यानं ओढायची नव्हती ती, हे कुणी सांगितलं असतं तर मी केव्हाच सोडली असती. मुलीला कळवतो, येऊ नकोस म्हणून.”

“अहो मामा, तसं काही...”

“नाही नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.”

मामा चिडले असते तर काकांना बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. पुस्तिका खिशात नीट, घडी पडू न देता ठेवून निघून गेले. काकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षराची लाज वाटली.

आता सगळी आशा रंगीत तालमीवर होती. सात विद्वान एका दोरीला जुंपले की हा बेत आपोआप बारगळेल, असा काकांचा हिशेब. अर्धा तास पहिला टोला कुणाचा यावर वाद झाला. ‘विनय’ आपल्याच वाट्याला का, म्हणून एक अधिष्ठाते हट्टाला पेटले. मग अभियांत्रिकीवाल्यांनी दोरी ओढली, तर घंटा वाजलीच नाही. कायद्याच्या अधिष्ठात्यांनी अशी ओढली की घंटा वाजली, पण ओढल्यावर दोरी सोडायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते दोरीबरोबर हातभर वर गेले.

“बोटं सैल करा, बोटं!” वैद्यकशाखेचे अधिष्ठाते खालून सांगत होते.

“आधी पाय धरा माझे,” वरून उत्तर आलं.

तोवर घंटा मनाला येईल तशी वाजत सुटली होती. कुठे आग लागली असं वाटून ग्रंथालय रिकामं झालं. तास संपला असं समजून दोन इमारतींतले विद्यार्थी घरी गेले. घंटामामा लांब भिंतीशी हात मागे बांधून उभे होते आणि त्यांची बोटं पाठीमागे आपोआप उघडझाप करत होती. ते काकांना पाहवेना.

कुलगुरूंनी मात्र सगळं शांतपणे पाहिलं. “सराव लागेल,” ते म्हणाले. “परंपरा म्हटली की कष्ट आलेच.”

आता काकांना राहवलं नाही. ते तडक कुलगुरूंच्या दालनात गेले.

“सर, ते शेवटचं वाक्य माझ्या मनचं आहे.”

“विनय,” कुलगुरू हसून म्हणाले. “सातवा टोला.”

“नाही सर, खरंच सांगतो. सगळी पुस्तिकाच माझ्या मनची आहे.”

“अहो, मी इथेच शिकलोय. आचार्य घंटा वाजवायचे, हे मी विद्यार्थी असताना आमच्या सरांच्या तोंडून ऐकलंय. आणि तुमच्या मनचं कसं? इतिहासाच्या विभागप्रमुखांनी तसा कागद पाहिलाय. कुठे पाहिला तेवढं त्यांना आठवत नाही.”

काकांनी आ वासला. पन्नास वर्षं जे घडलंच नव्हतं, ते सगळ्यांना आठवत होतं आणि त्यात खऱ्याला बसायला जागा उरली नव्हती. अशा वेळी काकांना एकच काम येत होतं.

“सर, त्या आख्यायिकेचा पुढचा भाग मी छापला नव्हता,” ते खाली बघत म्हणाले.

“कोणता?”

“एका वर्षी पहिला टोला कुणाचा, यावरून आचार्यांत भांडण झालं. तेव्हाच्या कुलगुरूंनी दोरी त्यांच्या हातून काढून घेतली आणि इथे सर्वांत जास्त वर्षं राबलेल्या, पण एकही पदवी नसलेल्या माणसाच्या हाती दिली. म्हणाले, यानं घंटा वाजवायची आणि विद्वानांनी मान लववून आत यायचं.”

कुलगुरूंनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, “हेही ऐकल्यासारखं वाटतंय.”

घंटामामांना दोरी परत मिळाली. मुलीला पुन्हा फोन गेला.

समारंभाच्या दिवशी काका पहिल्यांदाच सभागृहाच्या दाराशी उभे राहिले. एरवी मिरवणूक निघते तेव्हा ते झग्यांच्या खोलीत पिना वेचत असायचे. पहिला टोला पडला. भरदार, गोल, काळजाला लागणारा. मनोऱ्याच्या दाराशी मामांची नात आईच्या कडेवरून मोठ्यानं मोजत होती. पाच, सहा, सात.

आणि घंटा थांबली.

मिरवणूक अजून निम्म्या वाटेवरही आली नव्हती. पुढे असलेल्या कुलगुरूंचं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. मागचे सातही जण एकमेकांकडे बघू लागले. मग करणार काय, सगळे तसेच चालू लागले. बुटांची कुरकुर, झग्यांची सळसळ, कुणाच्या तरी गुडघ्याचा आवाज, बाकी सारं चिडीचूप. काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे अख्खं सभागृह आदरानं उठून उभं राहिलं. चांगली तीन मिनिटं.

काका धावत मनोऱ्याशी गेले. “मामा, थांबलात का?”

“सात झाले की, साहेब.”

“पण एरवी?”

“एरवी कोण मोजतंय? शेवटचा माणूस खुर्चीत बसेपर्यंत ओढायचं, एवढंच मला सांगितलेलं. कधी तीस, कधी चाळीस. गेल्या वर्षी ते गुडघेवाले साहेब होते, तेव्हा बावन्न. यंदा पहिल्यांदाच मोजले. तुम्ही लिहिलंय ना.” मामांनी बाहीनं डोळे पुसले. “मुलीनं बघितलं, साहेब. नातीनं मोजले सगळे.”

पन्नास वर्षं ही सगळी पंडित मंडळी त्या घंटेच्या नादात चालत आली होती आणि एकानंही टोले मोजले नव्हते. काकांनी मामांचा हात हातात घेतला.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्या शांततेचीच स्तुती केली. समारंभ संपता संपता कुलगुरूंची चिठ्ठी काकांच्या हातात पडली.

‘शांतता अप्रतिम. पुढील वर्षाच्या पुस्तिकेत तिच्या इतिहासावर दोन पाने द्यावीत. आम्ही विद्यार्थी असताना ती याहून बराच वेळ चालत असे, तेही नमूद करावे.’