भाऊकाकांची अक्षत

आमच्या रामघाटाच्या गल्लीत नाली तुंबली की भाऊकाका धुतलेलं धोतर नेसतात, टोपी चढवतात आणि चांदीची वाटी घेऊन घरोघर अक्षत द्यायला निघतात. लग्नामुंजीला देतात तशीच, कुंकवात रंगवलेली. "उद्या सकाळी सहकुटुंब यायचं हं. झाडू घरूनच आणायचा." आपण सबब काढायच्या आत तांदूळ तळहातावर पडलेले असतात. "अक्षत घेतलीत, आता सुटका नाही!"

पहिलं आमंत्रण अर्थात गणपतीला. अक्षतेबरोबर झाडूही त्याच्यापुढे ठेवतात.

सगळी सुरुवात कोपऱ्यावरच्या उकिरड्यापासून झाली. कुणीतरी येऊन उचलेल, म्हणून आम्ही नाक दाबून वाट पाहत होतो. काका म्हणाले, "घरच्या कार्यात बाहेरच्यांची वाट कसली बघता? यजमान आपणच."

दूधवाले यादवजी तेव्हा नुकतेच राहायला आले होते. झाडूचं बोलणं त्यांच्या कानावरून गेलं; अक्षत आली म्हणजे लग्नच, असं समजून ते कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, बायको बनारसी नेसून, मिठाईचा डबा घेऊन हजर!

"पंडितजी, दूल्हा कहाँ है?"

काकांनी उकिरड्याकडे बोट दाखवलं. "वो बैठे हैं. पहले नहलाना पड़ेगा."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. यादवीणबाईंनी मात्र पदर खोचला आणि पहिलं घमेलं उचललं. कचरा पुन्हा पडला, काका पुन्हा वाटी घेऊन निघाले. शेवटी आमंत्रणांना कंटाळून लोकांनी तिथे कचरा टाकायचंच सोडलं. आता त्या जागी फरशी आहे, बाक आहे, संध्याकाळी गप्पा रंगतात.

ती वाटी काकूंनी मुलाच्या लग्नासाठी हौसेने घेतली होती. काकू गेल्या. मुलाने बंगळुरात रजिस्टर लग्न केलं आणि फोनवर कळवलं. "सून गुणी आहे हो," एवढंच काका सांगतात. मला मात्र फार वाईट वाटतं.

परवा यादवीणबाई काकांच्या दारात आल्या. "बिटिया की सादी तय हो गई, पंडितजी. मंडप वहीं कोने पर लगेगा. अपनी कटोरी निकालिए, न्योता आप ही बाँटेंगे. घर के बड़े तो आप ही हैं."

काका आत जाऊन बराच वेळ वाटी घासत बसले.

संध्याकाळी आमच्याकडे आले. डोळे लाल, बोटं कुंकवाने त्याहून लाल. "आमच्या मुलीचं लग्न आहे. सहकुटुंब यायचं हं."

"आणि झाडू?" मी विचारलं.

"नको," माझ्या हातावर अक्षत ठेवत काका म्हणाले, "ह्या वेळी नुसतं यायचं."