मामांनी केकला पट्टा बांधला

विमावाल्या मामांनी सकाळीच जाहीर केलं, "आज केकला धक्कासुद्धा लागणार नाही. जबाबदारी माझी!" तीस वर्षं लोकांना अपघाताची भीती घालून विमे विकलेला माणूस तो. त्याने छाती ठोकली, की ऐकून घ्यावं लागतं!

केक भाचीच्या लग्नाचा होता. मामींनी तीन दिवस खपून दोन मजली उभा केलेला. मामी ऑर्डरचे केक करायच्या आणि ते पोचवायची दोघांची रीत ठरलेली: मामा मागच्या सीटवर, केक मामांच्या मांडीवर, आणि मामी गाडी इतकी जपून चालवणार, की सायकलवाले हात हलवत पुढे जायचे!

पण आता मागच्यांनाही पट्टा सक्तीचा झाला होता. मामांना आयतीच कल्पना सुचली. त्यांनी खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं, त्यावरून पट्टा ओढून खटकन लावला आणि स्वतःलाही बांधून घेतलं.

"बांधलाय ना नीट?" मामींनी आरशातून विचारलं.

"उलटा टांगलास तरी हलणार नाही!"

झालं! मामींनी गिअर टाकला आणि गाडी जी सुटली ती सुटलीच. एक ट्रक मागे पडला, मग दोन बस.

"अगं, हळू!"

"हळू कशाला? केक बांधलेला, तुम्ही बांधलेले, मी बांधलेली! आता कसली भीती?"

आपण बायकोलाच विमा विकून बसलो, हे मामांच्या ध्यानात आलं. पण तोवर उशीर झाला होता. वळणावर एक कुत्रं निवांत रस्ता ओलांडत होतं. मामींनी करकचून ब्रेक दाबला!

कुत्रं वाचलं. मामी वाचल्या. मामाही वाचले. केक तर जागचा हलला नाही, फक्त पट्टा खोक्यातून थेट त्याच्या पोटात शिरला.

हॉलच्या दारात खोकं उघडलं. वरचा मजला खालच्यात बसला होता आणि क्रीमवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा चर पडला होता. मामींचे डोळे भरून आले. "तीन दिवस हो... पोरीच्या लग्नाचा केक!" मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात नवरी बाहेर आली. केककडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि हसत सुटली. हसता हसता तिचं काजळ गालावर आलं! भाची ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची.

"अहो मामा, मी दिवसभर 'आधी पट्टा लावा' म्हणून घसा फोडते, कुणी ऐकत नाही. तुम्ही तर केकलाही लावलात! मामी, मला हाच केक हवा. असाच!"

पाहुण्यांनी केक चाटूनपुसून संपवला. मामीही शेवटी हसल्या.

पण परतीच्या वाटेवर गाडीत केक नव्हता आणि मामी तर खुशीत! त्या प्रवासाबद्दल मामा आजही बोलत नाहीत. त्यांनी एवढंच केलं: दुसऱ्या दिवसापासून गाडीत बसताना ते स्वतःला पट्टा लावतात आणि मांडीवर तीस अंड्यांचा उघडा ट्रे घेतात.

"बांधलीत ना नीट?" मामी आशेने विचारतात.

"छे! मोकळीच आहेत!"

आणि सायकलवाले पुन्हा हात हलवत पुढे जातात.