आतल्या खोलीतली चाल

बेंबळीच्या आण्णासाहेबांना लघवीचा कसलाही त्रास नव्हता. तरीही बुद्धिबळाचा डाव रंगात आला की ते पायजमा सावरत उठायचे, "आलोच, तात्या," म्हणत आत जायचे आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन अशी काही चाल करायचे, की तात्यांचा वजीर तरी पडायचा नाहीतर हत्ती.

आतल्या खोलीत मोबाइल होता. पुण्याला शिकणारी नात आरोही दिवाळीला आली, तेव्हा आजोबांची करमणूक व्हावी म्हणून तिनं त्यात बुद्धिबळ घालून दिलं होतं. पटावरची मांडणी फोनमध्ये मांडली की पुढची चाल फोन सांगतो, हा शोध मात्र आण्णासाहेबांनी स्वतः लावला. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. शोध लागल्यावर स्वस्थ कसा बसणार?

खरं तर या थराला जायची वेळ त्यांच्यावर गल्लीनं आणली होती. रोज दुपारी आण्णासाहेबांच्या ओट्यावर पट पडायचा आणि अर्धी गल्ली तिथं गोळा व्हायची. बांधावरून एकमेकांशी बोलणं टाकलेले भाऊ त्या पटाभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि घोडा अडीच घरं कुठं न्यावा यावर भांडता भांडता पुन्हा बोलायला लागायचे. तात्यांना हा खेळ आण्णासाहेबांनीच शिकवला होता. पण शिकवणारा हरायचा आणि शिकलेला जिंकायचा. एक दिवस कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, आता तुमीच तात्याकडं शिकवणी लावा." सगळे हसले. तात्याही हसले. आण्णासाहेब तेवढे हसले नाहीत.

त्यानंतर तात्या हरायला लागले.

पहिले काही डाव हरले तेव्हा त्यांनी कौतुकच केलं. "गुरुजी, लई सुधारलाव की," म्हणाले.  नंतर एकेका चालीला ते इतका वेळ घ्यायला लागले की बघणारे कंटाळून चहा पिऊन परत यायचे, तरी तात्यांचा हात प्याद्यावर तसाच. एवढं करून हरायचेच. हळूहळू गर्दी पांगली. एकच माणूस रोज जिंकणार असेल तर बघायचं काय?

इकडं घरात वेगळंच सुरू झालं. तात्यांनी काळजीपोटी मथुराबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "वैनी, गुरुजी सारखं आत जायलेत. साखर तर वाढली न्हाय?"

मथुराबाईंनी दुसऱ्या दिवसापासून आण्णासाहेबांचा चहा बिनसाखरेचा केला. पाठोपाठ भात गेला. मग सकाळी उठल्या उठल्या कारल्याचा रस सुरू झाला.

"अगं, मला काही झालेलं नाही," आण्णासाहेब म्हणाले.

"मग डावात चार-चार वेळा कशाला उठताव?"

 उत्तर होतं, पण त्यापेक्षा कारलं बरं. त्यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला.

पुढं तात्या दोन-तीन दिवस आले नाहीत. आले तेव्हा पट मांडूनही सोंगट्यांना हात लावेनात.

"बैलं इकली," ते म्हणाले.

 तात्यांची खिल्लारी जोडी म्हणजे गावात बघण्यासारखी चीज. मुलगा उत्कर्ष बैल विकून ट्रॅक्टरनं शेती करू म्हणून कधीपासून मागं लागला होता आणि तात्या दरवर्षी त्याला उडवून लावत होते.

"अहो, पण तुम्ही तर नको म्हणत होता?"

"नगो म्हणायला डोकं ठिकाणावर पायजे, गुरुजी. म्या रोज हरतो. आधी दिसायचं ते आता दिसंना. मग शेतातलं तरी बरुबर दिसत आसंल कशावरून? पोराला म्हणलं, तू म्हणशील तसं. माझा माझ्यावरच भरोसा राहिला न्हाय."

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. शब्द आण्णासाहेबांच्या ओठांपर्यंत आलेही. पण तेवढ्यात मथुराबाई बिनसाखरेचा चहा घेऊन बाहेर आल्या आणि तात्या त्यांना म्हणाले, "वैनी, उद्या आमी दोघं धाराशिवला जाताव. म्या डोकं दाखवतो, गुरुजी साखर दाखवतील." मथुराबाईंनी लगेच मान डोलावली. झालं, ठरलं.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तात्यांना आधी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तात्या शेवटपर्यंत न अडखळता उतरत गेले. थोड्या वेळापूर्वी सांगितलेली नावंही त्यांनी ओळीनं परत म्हणून दाखवली.

"आजोबा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग म्या रोज हरतो कसा?"

"समोरचा जास्त हुशार असेल."

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आण्णासाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "ह्योच समोरचा. लई मोठं डोकं हाय, डॉक्टरसाहेब. आमाला कळलंच न्हाय इतके दिस."

एवढी लाज आण्णासाहेबांना आयुष्यात वाटली नव्हती. तेवढ्यात त्यांचा रिपोर्ट आला. साखर खरोखरच वाढलेली निघाली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून आण्णासाहेबांनी सगळं सांगितलं. फोन, आतली खोली, मांडणी, चाली. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"साखर वाढली की माणूस कायबी बोलतं, गुरुजी. माझ्या चुलत्याचंबी तसंच व्हायचं. पडून राहा जरा."

शेवटी आण्णासाहेबांनी खिशातून फोन काढला आणि गेल्या आठवड्यात तात्या हरले होते ती मांडणी उघडून दाखवली. तात्या पडद्याकडं बघत राहिले. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.  बेंबळीला उतरल्यावर वळून न बघता घराकडं निघून गेले.

आण्णासाहेबांनी मग जमेल ते केलं. बैल ईट गावच्या रेवणसिद्धनं घेतले आहेत असं कळलं, तेव्हा दोन गाड्या बदलून ते ईटला पोचले. रेवणसिद्धनं पाणी दिलं, चहा दिला, बैल दाखवले.

"परत न्हाय देता यायची, गुरुजी. लई गुणाची हायेत. लेकरं त्यांच्या आंगावर लोळत्यात." थोडं थांबून त्यानं विचारलं, "आसली जोडी धन्यानं इकली कशी काय?"

आण्णासाहेब गाडीची वेळ झाली म्हणत उठले.

ओटा रिकामाच राहिला. बांधावरून भांडलेले दोघं भाऊ पुन्हा गल्लीच्या दोन टोकांना बसू लागले. मथुराबाईंना नवऱ्यानं सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून कारल्याचा पेला काठोकाठ भरलेला असायचा.

महिन्याभरानं एका दुपारी तात्या आले. ओट्यावर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मांडा."

 कपाटातला पट काढून आण्णासाहेबांनी सोंगट्या लावल्या. तात्या काही बोलायच्या आधीच फोन बाहेर आणून मथुराबाईंच्या हातात दिला. मग जीव ओतून खेळले. जागेवरून हलले नाहीत, एकेका घराचा विचार केला, घाम आला तरी पुसला नाही. गेल्या कित्येक वर्षांत इतका चांगला डाव ते खेळले नव्हते. मध्यंतरी तर जिंकतील असंही वाटलं. पण तात्यांच्या घोड्यानं कडेनं येऊन राजाला शह दिला आणि दोन चालींत मात झाली.

आण्णासाहेबांना हरल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. ते मोकळं हसले. म्हणाले, "बघा. तुमचं डोकं शाबूत आहे. आणखी एक मांडू?"

तात्या पटाकडं बघत होते. जिंकलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"खरं सांगा, गुरुजी," ते हळू आवाजात म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून हरलाव न्हवं?"

"नाही हो. शप्पथ. मी पूर्ण ताकदीनं खेळलो."

"आसंल," तात्या म्हणाले. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "पर आता मला कळायचं कसं?"

ते पायऱ्या उतरून गेले. पटावर आण्णासाहेबांचा राजा मात झालेल्या घरात तसाच उभा होता, आणि आपण खरोखरच हरलो हे पटवून द्यायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.